सुमनताईंचा राजीनामा

सुमनताई मेश्राम कुजबुजायच्या ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. थट्टा म्हणून नाही सांगत, आमच्या सोसायटीची तिसरी रांग साक्षीला आहे. नाटकात कुणी वाक्य विसरलं की विंगेतून ताईंचा आवाज यायचा, आणि नट ते वाक्य म्हणायच्या आधी प्रेक्षकच म्हणून मोकळे व्हायचे. एकदा आमच्या ह्यांना स्टेजवर खून करायचा होता आणि सुरा कुठल्या खिशात ठेवलाय तेच हे विसरले. ताई आतून कुजबुजल्या, "डावा खिसा." पहिल्या रांगेतल्या पोरांनी बोटं करून ह्यांना डावा खिसा दाखवला. ज्याचा खून व्हायचा होता तोही तिकडेच बघायला लागला.

बाई दिल्लीत एका मिनिस्ट्रीत स्टेनो. "दिवसभर दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेते ना मी, स्वतः एक शब्द काढत नाही. मग साठलेलं सगळं संध्याकाळी बाहेर निघते," असं त्याच म्हणायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगी प्रज्ञा तेव्हा दोन वर्षांची. तिला कडेवर घेऊन नोकरीसाठी इकडे आल्या, मुनिरक्याला एका खोलीत दहा-बारा वर्षं काढली, आणि गाझियाबादच्या बाजूला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या. मी बारा घरची बारा माणसं पाहिलेली आहेत, पण अशी बाई नव्हती पाहिली. गळ्यात दोरीला स्टीलची शिट्टी, उजव्या हाताला घड्याळ, पिशवीत थर्मास आणि शॉर्टहँडची वही. शिट्टी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाल्या, "शालूबाई, एकट्या बाईचा आवाज कोणी ऐकत नाही. शिट्टी ऐकतात."

तेव्हा आमच्याकडे धड रस्ता नव्हता. विटांचे ढीग, चिखल, आणि रिक्षावाला तीनशे पावलं आधीच उतरवून द्यायचा. पण रस्त्याच्या आधी केबल आली. दोन महिन्यांत संध्याकाळी खाली कुणी दिसेनासं झालं. पोरं नाहीत, बाया नाहीत, सगळे आपापल्या डब्यासमोर. आम्ही मराठी घरं अकरा, तीही एकमेकांना दिवाळीलाच भेटायला लागलो. ताईंना हे खुपलं. त्यांनी ठरवलं की उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी एक आठवडा असा करायचा की रोज काहीतरी. सोमवारी कॅरम, मंगळवारी खो-खो, बुधवारी सिनेमा, गुरुवारी-शुक्रवारी गाणं, शनिवारी लहान मुलांचं, आणि रविवारी नाटक. पाटीवर लिहिलं, कला-क्रीडा सप्ताह. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "मेश्रामबाई, सप्ता बसवताय, मग वीणा कुठंय?"

ताई म्हणाल्या, "आमच्यात सप्ता नसते काका, म्हणून मी माझाच काढला. वीणा नाही, शिट्टी आहे."

पहिल्या वर्षी लहान मुलांच्या नाटुकल्यात एका मुलाला न्यायाधीश केला होता. वाक्य एवढंच, "या चोराला शिक्षा झालीच पाहिजे." पोरानं ते इतक्या मायेनं म्हटलं, वर चोराच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर ताईंनी विचारलं तर म्हणतो, "आंटी, बेचारा पढ़ेगा तो सुधर जाएगा ना." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं. ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या रात्रीच त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. इकडं एक आणि तिकडं दुसरंच, अशा शब्दांची यादी. शिक्षा, चेष्टा, संसार, खाली, यातायात. कुणी गेलं की एखाद्या शब्दाची भर घालून यायचं. चांगली दोन हात लांब झाली ती यादी. पण एक शब्द तिच्यात राहूनच गेला.

दुसऱ्या वर्षीचा सिनेमा मी कधी विसरायची नाही. ताई भाड्याची कॅसेट आणून आदल्या दिवशी स्वतः बघायच्या, मुलांना दाखवण्याजोगी आहे ना म्हणून. दुपारी चारला हॉलचे पडदे ओढून आम्ही ऐंशी-नव्वद माणसं बसलो. नायिका आगगाडीच्या रुळांवरून पळतेय, मागे माणसं लागलीयत, आणि लाईट गेली. अर्धा तास झाला, आली नाही. पोरं रडायला लागली. ताईंनी पडदे बाजूला सारले, पिशवीतून वही काढली आणि उभ्या राहून वाचायला सुरुवात केली. आदल्या दिवशी बघताना सवयीनं अख्ख्या सिनेमाचं बोलणं उतरवून घेतलं होतं बाईंनी. नायक, नायिका, सासू, इन्स्पेक्टर, सगळे आवाज एकटीनं. कुणी जागचं हललं नाही. पुढे तोच सिनेमा केबलवर लागला तेव्हा आमची मुलं म्हणाली, यातला व्हिलन ताईंच्याएवढा भारी नाहीये.

आणि न्यायाच्या बाबतीत मात्र बाई कडक. खो-खोत अर्धं मिनिट उरलेलं असताना पोटच्या पोरीला बाद दिलं, तेही कुणी मागितलं नसताना. "दोन्ही पाय रेषेबाहेर होते तिचे. मी पाहिले." प्रज्ञा दोन दिवस आईशी बोलली नाही. खरं सांगायचं तर बाद दिलं नव्हतं तेव्हाही फारसं बोलत नव्हती. आई मराठीत विचारायची, ही हिंदीत उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. "जेवलीस का गं?" "खा लिया." "कुठं चाललीस?" "आ रही हूँ." लहानपणी शाळेतून आली की कुलूप उघडून एकटीच बसायची ती, शेजारच्या खोलीतल्या हिंदी बोलणाऱ्या मुलींबरोबर वाढली. बोलायला मराठी माणूस घरी यायचं ते रात्री आठला, दोन बसा बदलून, थकून.

तिसऱ्या वर्षी प्रज्ञाची बारावी झाली. हैदराबादला कॉम्प्युटरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि सप्ताहाचा रविवार झाला की मंगळवारी तिची गाडी. ताईंनी त्या वर्षी नाटक स्वतः लिहिलं. एका नोकरदार बाईची गोष्ट. कुठल्या बाईची ते कुणी विचारलं नाही. तासाभराचं नाटक, आणि त्या बाईचं काम प्रज्ञानं करायचं. मला म्हणाल्या, "शालूबाई, एकदा गेली की ती काही परत येत नाही इथं. मला फक्त एक तास हिला मराठीत बोलताना ऐकायचंय. एकच तास."

प्रज्ञा हो म्हणाली, मलाच आश्चर्य वाटलं. पण अट घातली. "करूँगी. पर आई, तू मला शब्द द्यायचा नाही. एक भी नहीं. अटक गई तो अटक गई."

ताई म्हणाल्या, "बरं." आणि बाकीच्यांच्या वाक्यांसाठी विंगेत बसायचं कबूल केलं. नाटकाची संहिता म्हणजे ताईंची शॉर्टहँडची वही, ती त्यांच्याशिवाय वाचणार कोण. सगळ्यांना वाक्यं सांगून सांगूनच पाठ करून घेतली होती.

त्या वर्षीचा सप्ताह सुरू झाला आणि बुधवारी बातमी आली की रविवारी विलायतेत भारताची मॅच आहे, फायनल. मोठ्या रस्त्यावर नवीन टीव्हीचं शोरूम उघडलं होतं. त्यांनी सोसायटीला सांगितलं, आमचा सगळ्यात मोठा टीव्ही हॉलमध्ये लावतो, वर थंड बाटल्या फुकट. सोसायटीचे अध्यक्ष त्यागीजी, इथलेच, जुन्या जमीनदार घरातले. उंच, पांढरी सफारी, बोलणं गोड. ताई कमिटीच्या सांस्कृतिक सचिव. गुरुवारी मीटिंग झाली. सहा पुरुष आणि ताई.

त्यागीजी म्हणाले, "मैडम, नाटक तो अगले हफ़्ते भी हो जाएगा. मैच थोड़े ही रुकेगी."

ताई म्हणाल्या, "अगले हफ़्ते मेरी हिरोईन नहीं रहेगी."

"तो किसी और बच्ची को ले लीजिए."

सहाजण हसले म्हणे. ताई हसल्या नाहीत. हात वर झाले, सहा विरुद्ध एक. ताईंनी तिथंच रजिस्टर ओढलं, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि उठून आल्या. जिन्यात मला भेटल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. "राजीनामा दिला," एवढंच म्हणाल्या.

गाणं म्हणायला त्या दिवशी कुणाचं मन नव्हतं. पेटी उघडली आणि पुन्हा बंद केली. शुक्रवारी सकाळी मी ताईंकडे नाटकातल्या साडीला फॉल लावत बसले होते, नाटक व्हायचं नव्हतं तरी. हातांना काहीतरी हवं म्हणून. प्रज्ञा आतल्या खोलीत बॅग भरत होती. आतून कपाटाचा आवाज यायचा आणि दर आवाजाला ताईंची मान तिकडे वळायची. तेवढ्यात बेल वाजली.

दारात त्यागीजी. हातात लाडवांचा खोका, चेहरा फुललेला. "बहुत अच्छा किया मैडम, आपने राज़ीनामा दे दिया. मैंने रात को ही पढ़ा. सबको इतनी ख़ुशी हुई. मुँह मीठा कीजिए."

माझ्या हातात सुई तशीच राहिली. एखाद्या बाईनं अपमान होऊन पद सोडावं आणि यांनी तिच्या दारात लाडू घेऊन यावं. ताईंचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. मला वाटलं आता हा माणूस जिन्यावरून खाली जातोय.

त्यागीजी आपले बसले, रुमालानं कपाळ पुसलं. "सच बताऊँ, मैं तो डर गया था. बारह साल हमारा ज़मीन का मुक़दमा चला. राज़ीनामे का मोल मुझसे पूछिए. भाई-भाई सालों नहीं बोले, फिर एक काग़ज़ लिखा, और उसी शाम एक थाली में खाना खाया. अब देखिए, राज़ीनामा एक तरफ़ से नहीं होता. आप झुकीं, तो थोड़ा मैं झुकूँगा. मैच साढ़े तीन बजे है. आप सुबह दस बजे नाटक कर लीजिए. हॉल आपका."

मी ताईंकडे पाहिलं, ताईंनी माझ्याकडे. दोघींना एकाच वेळी उमगलं. आपण राजीनामा देतो तो पद सोडायला. यांच्याकडे राजीनामा म्हणजे तडजोड, समझोता, कोर्टात दोन्ही पक्ष मिळून देतात तो. पद सोडायचं तर इस्तीफ़ा म्हणायचं. पंधरा वर्षं दिल्लीत काढलेली, हिंदीत फाडफाड बोलणारी बाई, पण रागाच्या भरात हाताखालून शब्द निघाला तो भंडाऱ्याचा. भिंतीवरच्या यादीत नव्हता तोच.

ताई माझ्याकडे झुकल्या आणि कुजबुजल्या, "याला समजलंच नाही. सांगू का?"

त्यांची कुजबूज. त्यागीजींनी मान वर केली. "क्या?"

मी म्हटलं, "ताई, गप्प बसा." आतला कपाटाचा आवाज थांबला होता. प्रज्ञा दारात येऊन उभी होती. मला कळत होतं की आता या बाईनं तोंड उघडलं तर हॉल गेला, नाटक गेलं आणि तो एक तासही गेला. आणि हेही कळत होतं की ही तीच बाई आहे जिनं कुणी मागितलं नसताना पोरीला बाद दिलं होतं.

ताईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "त्यागीजी, ग़लती हो गई. मैंने समझौता नहीं किया. मैंने इस्तीफ़ा दिया था. मराठी में उसी को राजीनामा कहते हैं."

त्यागीजी लाडवांच्या खोक्याकडे बघत राहिले, मग ताईंकडे. मग खोका उघडला आणि ताईंच्या पुढ्यात सरकवला.

"मैडम, लड्डू छह घर बँट चुके. अब इस्तीफ़ा कहाँ से लाऊँ मैं? काग़ज़ पर तो राज़ीनामा लिखा है, नीचे आपके दस्तख़त हैं." उठले, दारात थांबले. "दस बजे माने दस बजे. बारह बजे शोरूम वाले हॉल ले लेंगे."

ते गेल्यावर प्रज्ञा आईला म्हणाली, "सांगायची क्या ज़रूरत होती, आई?"

ताई म्हणाल्या, "पाय बाहेर होते." आणि लाडू मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.

रविवारी नऊला आम्ही हॉलमध्ये गेलो तर स्टेजच्या मधोमध टीव्ही. शोरूमवाल्यांनी शनिवारी संध्याकाळीच आणून, तारा जोडून ठेवला होता आणि आता हलवायला तयार नव्हते. कपाटाएवढं धूड. आमचे पडद्यामागचे सगळे हबकले. ताईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, आणि पडद्यासाठी पानिपतहून आणलेल्या चादरींपैकी एक त्याच्यावर टाकली. वर फुलदाणी ठेवली. "कपाट आहे हे. टेकायचं नाही कोणी." शोरूमचा माणूस पहिल्या रांगेत नजर लावून बसला. पूर्ण नाटकभर त्यानं प्रज्ञाकडे पाहिलं नाही, फुलदाणीकडेच पाहत होता.

नाटक दहाला सुरू झालं, दहा वीसला लाईट गेली. पंखे बंद, माईक बंद. जूनचा शेवट, खिडक्यांतून नुसती धग. पण कुणी उठलं नाही. प्रज्ञा बोलत होती. सुरुवातीला पाठ केलेलं म्हणावं तसं, मग हळूहळू तिच्या अंगात ती बाई शिरली. आईसारखीच उजव्या हाताला घड्याळ बांधलं होतं तिनं. मी विंगेत ताईंच्या मागे उभी होते, साडी बदलायला मदत म्हणून. ताई वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलेल्या, मांडीवर वही, पेन्सिल ओळीवरून सरकतेय. बाकी कुणी अडकलं की शब्द देत होत्या. प्रज्ञाच्या वाक्यांना मात्र नुसते ओठ हलवत होत्या, आवाज न काढता.

शेवटचं मोठं भाषण आलं. ती बाई थकून घरी येते आणि घरच्यांना सांगते, "मी काय मागते तुमच्याकडं? चहा नको, कौतुक नको. पण या घरात कुणालाच उसंत नाही." त्या वाक्यावरच पुढचं सगळं उभं होतं.

प्रज्ञा "या घरात कुणालाच" इथपर्यंत आली आणि थांबली.

उसंत. रोजच्या बोलण्यातला नाही, दिल्लीच्या पोरीनं तो दुसरीकडे कुठं ऐकायचा. लोकांना आधी वाटलं अभिनय आहे. मग खुर्च्या वाजायला लागल्या. प्रज्ञाचे डोळे समोर, विंगेकडे वळत नव्हते. ताईंचं तोंड उघडलं. तीन अक्षरं, तिसऱ्या रांगेला ऐकू गेली असती. मी त्यांचा खांदा धरणार होते की सोडणार होते, मला आजही सांगता येणार नाही. ताईंनी गळ्यातली शिट्टी उचलली आणि दातांत धरली. न फुंकता, घट्ट. नाकानं श्वास चालला होता त्यांचा.

प्रज्ञानं घड्याळाशी चाळा केला. मग म्हणाली, "या घरात कुणी कुणाजवळ बसतच नाही."

आणि पुढचं सगळं सुरळीत म्हणाली, एकही हिंदी शब्द न घेता, शेवटपर्यंत.

ताईंनी शिट्टी तोंडातून काढली. शिट्टीचा वळ पडला होता ओठावर. वहीतली ती ओळ त्यांनी पेन्सिलीनं खोडली आणि वर नवीन लिहिली, शॉर्टहँडमध्ये नाही, साध्या आपल्या अक्षरात. टाळ्या चालल्या होत्या बाहेर. त्यांनी वर पाहिलं नाही. बारा वाजता शोरूमवाल्यांनी चादर ओढून काढली, आणि मला एवढंच आठवतं की त्या दुपारी प्रज्ञा आणि ताई मॅचला आल्या नाहीत. समोरच्या घराचं दार लोटलेलं होतं आणि आतून दोघींचा आवाज येत होता. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही. ताईंचं असूनही नाही.

पुढे सप्ताह आणखी सहा वर्षं चालला. ताई निवृत्त होईपर्यंत सचिव राहिल्या, कारण त्यागीजी म्हणायचे, राज़ीनामा झालेला आहे, आता मोडता येत नाही. मग त्यांनी गावाकडे परत जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक आला तेव्हा आमची गल्ली पक्की झाली होती, दोन्ही बाजूंना गाड्या लागायला लागल्या होत्या. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला जमेना. ताई मागे उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवून वाजवून त्यांनीच तो बाहेर काढला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या बघायला.

निघताना नाटकाची वही माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "ताई, मला यातलं अक्षर वाचता येत नाही. एकच ओळ येते."

त्या पुढच्या सीटवर चढल्या, दार लावलं, खिडकीतून वाकल्या. म्हणाल्या, "प्रज्ञाला सांगू नका." मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, आणि गॅलऱ्यांतल्या सगळ्यांनी ऐकलं, फक्त आमच्या बाजूच्या गॅलऱ्यांत कुणाला मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

"उसंतच बरी होती हो, शालूबाई."